गफूरचाचांचा अर्धा सलाम

माझ्या लेकीच्या, शबानाच्या निकाहाला मी हजर होतो, तो गफूरचाचांमुळे. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे सांगणार आहे त्यात पिस्तुलं आहेत, एक हॅट आहे, एक बैल आहे आणि आमचे जोगळेकर साहेब आहेत. एवढ्या गर्दीत चाचा मागे पडतील. चालताना, जेवताना, बोलताना ते कायम मागेच पडायचे. म्हणून त्यांचं नाव पहिलं.

अब्दुल गफूर. गाव दाभोळच्या खाडीकाठी, मुक्काम रियाध, अल सुलै. आमच्या कंपनीचे कॅम्प बॉस. बाहेरच्या माणसाला वाटतं बॉस म्हणजे मोठा हुद्दा. कॅम्प बॉस म्हणजे कामगारांच्या खोल्यांचा कारभारी. कुणाचा एसी गळतो, कुणाच्या बादलीत कुणी कपडे भिजवले, बिहारच्या पोरांनी मोहरीचं तेल तापवलं म्हणून केरळची पोरं नाक धरून बाहेर का बसलीत, हे सगळं त्याने बघायचं.

मी सातवीत शाळा सोडलेला, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस. माझं जग म्हणजे श्रीवर्धनजवळचं आमचं गाव, मुंबईचं विमानतळ आणि अल सुलैची गोदामं. पण एवढ्या जगात चाचांहून हळू माणूस मी पाहिला नाही. चहा बशीत ओतला की आधी त्याच्याकडे बघत बसायचे, जणू पिऊ का म्हणून त्याला विचारतायत. मग फुंकर. मग पुन्हा बघणं. बुटाची नाडी बांधायला वाकले की मागचे लोक दुसऱ्या दरवाजाने जायचे. त्यांची एक पांढरी पिकअप होती. ती रस्त्यावर आली की मागे ट्रकांची रांग लागायची. ट्रकवाले हॉर्न मारायचे आणि चाचा खिडकीतून हात काढून प्रत्येकाला सलाम करायचे. त्यांना वाटायचं, ओळखीचे लोक आहेत.

आणि सलाम तरी कसा? आपण सगळे 'सलामालेकुम' म्हणून पुढे जातो. चाचा तो अख्खा म्हणायचे. अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू. एकेका अक्षराला खुर्ची देऊन, बसवून. समोरचा जवाब देऊन, तब्येत विचारून, कोपऱ्यावरून वळूनसुद्धा जायचा, तेव्हा चाचा 'बरकातुहू'ला पोचलेले असायचे. पण अर्ध्यावर सोडायचे नाहीत. "सलाम अर्धा टाकला तर उधार राहतो," म्हणायचे.

त्यांचं ठरलेलं वाक्य एकच. "सबूर. घाई सैतानाची."

मात्र हळू म्हणजे आळशी नव्हे हां. त्यांना सकाळी सांगितलेलं काम त्याच दिवशी व्हायचं. फक्त तो दिवस पुरा लागायचा.

आता बैलाचं सांगतो. मेसमध्ये जेवताना चाचांना एक गोष्ट सांगायची असायची. "तर काय झाला," ते सुरू करायचे, "आमच्या खाडीच्या तरीवर एकदा एक बैल चढला." मग ती होडी केवढी, ती हाकणारा तांडेल कोण, भरती की ओहोटी, बैल कुणाचा, बैलाचं शिंग कुठल्या बाजूला वाकलेलं. बैल फळीवर पुढचे दोन पाय ठेवायचा आणि तेवढ्यात कामाची बस हॉर्न द्यायची. नाहीतर अजान व्हायची. नाहीतर कुणाचा तरी एसी गळायचा. इतकी वर्षं तो बैल फळीवर दोन पाय ठेवून उभा होता. पुढे काय झालं हे अल सुलैमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. खतीब म्हणायचा, "चाचा, तो बैल एव्हाना म्हातारा होऊन मेला असेल. आता तरी उतरवा." खतीब म्हणजे आमचा महाडचा, गोदामात माल मोजणारा. जिभेला हाड नाही.

"सबूर," चाचा म्हणायचे. "उतरवतो."

याच माणसाने आमचा जलद पिस्तूल क्लब चालवला.

त्याचं असं झालं. आमचे जनरल मॅनेजर जोगळेकर साहेब पुण्याचे. एसीच्या सुट्या भागांचं अख्खं गोदाम त्यांच्या हाताखाली. माणूस हुशार, स्वभावानं वाईट नाही, पण त्यांचं सगळं आयुष्य एका वाक्यात होतं: "मला वेळ नाही." चालायचे धावल्यासारखे. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्यांचं समाधान व्हायचं नाही. दुसऱ्याचं वाक्य तेच पुरं करायचे. मी म्हणायचो, "साहेब, फोर्कलिफ्टचा…" की लगेच, "टायर गेला, ठीक आहे, सांगतो, नेक्स्ट!" मला ब्रेक म्हणायचं असायचं. नवा टायर यायचा. ब्रेक लागत नसलेल्या फोर्कलिफ्टला इतके चांगले टायर रियाधमध्ये दुसरीकडे कुठे नसतील.

साहेब एकदा ट्रेनिंगला अमेरिकेला गेले आणि येताना हॅट घेऊन आले. रुंद कडांची, तपकिरी. तिकडे म्हणे एक खेळ असतो. कमरेला पिस्तूल लावून उभं राहायचं, समोर दिवा लागला की उपसायचं आणि मारायचं. ज्याचा वेळ कमी तो जिंकला. सगळा मामला अर्ध्या सेकंदाचा. साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं, "हा खेळ नाही, ही मॅनेजमेंट आहे. निर्णय असा घ्यायचा असतो!" आणि कमरेवर थाप मारली. तिथे मोबाईल होता, तो खाली पडला.

इथे खऱ्या पिस्तुलाचं नाव काढायची सोय नाही, आणि नसावीच. म्हणून उजेडाची पिस्तुलं मागवली. घोडा दाबला की किरण जातो, बस. रंग भडक नारिंगी, म्हणजे कुणाला चुकूनही खरं वाटू नये. समोर लाकडी पाट, पाटावर दिवा, दिव्याखाली वेळ दाखवणारं मशीन. ते आमच्या इलेक्ट्रिशियन बिजूने जोडलं. पंचाने बटण दाबलं की मशीन आपल्या मर्जीने थोड्या वेळाने दिवा लावणार. कधी, ते पंचालाही माहीत नाही.

राहिला प्रश्न क्लब चालवायचा. साहेबांना वेळ नव्हता. बाकीच्यांना साहेबांची भीती. सेक्रेटरी निवडायला बैठक बोलावली, तेव्हा चाचा बैठकीकडे येत होते. ते पोचेपर्यंत निवड होऊन गेली होती. दारातच खतीबने त्यांच्या गळ्यात हार घातला.

"कसला हार?"

"तुम्ही सेक्रेटरी झालात, चाचा. आणि पंचसुद्धा."

चाचांनी हार नीट करून घेतला. म्हणाले, "बरा. पण घाई नाय करायची."

पहिल्याच शुक्रवारी कळलं की आपण काय करून बसलो. अर्ध्या सेकंदाचा खेळ, पण चाचांनी त्याला दुपारनंतरच्या, असरच्या नमाजापासून रात्रीच्या जेवणापर्यंतचा कार्यक्रम दिला. गोदामाचा एक कप्पा रिकामा करून खुर्च्या मांडल्या. दारात खजूर आणि कहवा. मग कुराणाची तिलावत. मग स्वागत. मग मल्याळी मंडळींचं स्वागत, कारण पहिल्या स्वागतात त्यांचं नाव राहिलं. मग हैदराबादवाल्यांचं, कारण मल्याळ्यांचं दोनदा झालं. मग जोगळेकर साहेबांचं भाषण, विषय: वेगाचं महत्त्व. ते भाषण इतकं चाललं की बिजूच्या मशीनची बॅटरी उतरली. मग बॅटरी येईपर्यंत चाचांनी बैलाची गोष्ट सुरू केली आणि बैल फळीवर आला तेव्हा बॅटरीही आली.

नियम वाचायचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे वाचायचं नाही, पाठ करून हिंदीत ओरडायचं. फोर्कलिफ्टवरून ओरडून माझा आवाज मोठा झालेला. पिस्तूल माणसाकडे रोखायचं नाही. दिव्याच्या आधी हात लावायचा नाही. दोघांनी हात मिळवल्याशिवाय उभं राहायचं नाही. असे सगळे.

यातला सलामाचा नियम खतीबमुळे आला. एका शुक्रवारी खतीब साहेबांसमोर उभा होता. चाचांनी रुमाल वर धरला, त्यांची ती खूण होती. "तयार?" म्हणाले, बटण दाबलं. गोदामात चिडीचूप. एवढ्यात दारातून आमचा पाण्याच्या बाटल्या देणारा आला आणि जोरात म्हणाला, "अस्सलामु अलैकुम!" खतीबचा हात आपोआप छातीवर गेला. मान वळवून म्हणाला, "व अलैकुम अस्सलाम!" आणि दिवा लागला. साहेबांनी घोडा दाबला. खतीब हात छातीवर ठेवून उभा.

साहेबांनी हॅट उडवली. "जिंकलो! नेक्स्ट!"

"सबूर," चाचा म्हणाले. खुर्चीतून उठले. उठायला लागतो तेवढा वेळ लागला. "साहेब, सलामाचा जवाब देणा फर्ज हाय. माणूस फर्ज पुरा करत व्हता. त्याला हरला कसा म्हणणार? पुन्हा घ्या."

"चाचा, मला वेळ नाही."

"म्हणून तर म्हणतो. आता घेतला तर आताच संपेल. नायतर मला समजवायला लागेल."

चाचा समजवायला लागले तर काय होतं हे साहेबांना ठाऊक होतं. पुन्हा घेतलं. साहेबच जिंकले, पण नियम कायमचा झाला: दिव्याच्या आधी कुणाचा सलाम सुरू झाला असेल, तर ती फेरी धरायची नाही. मी तोही पाठ केला आणि दर शुक्रवारी ओरडू लागलो.

आता माझं. शबानाचं लग्न ठरलं. मुलगा कुवेतला, त्याची रजा ठरलेली, म्हणजे निकाहाची तारीख हलायची नाही. मी रजेचा अर्ज टाकला. आमच्याकडे देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी कंपनीनेच काढायची असते, आणि साहेबांनी कॉम्प्युटरवर एक बटण दाबल्याशिवाय ती निघत नाही. एकच बटण. मी गेलो की साहेब म्हणायचे, "बघतो, आता वेळ नाही." पुन्हा गेलो की, "स्टॉक मोजणीनंतर." मग मोजणी झाली. मग, "आता कॉम्पिटिशन आहे ना, त्यानंतर." अर्ध्या सेकंदात पिस्तूल उपसणाऱ्या माणसाला माझं बटण महिनेच्या महिने दाबता येईना. तारीख तर जवळ आली. नसीम, माझी बायको, रोज फोनवर एकच विचारायची, "निघालात?" जसा काही मी श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर बसलोय.

आणि नेमकं त्याच वेळी क्लबची वार्षिक स्पर्धा. जोड्या लावताना एक माणूस कमी पडला. चाचा म्हणाले, "सिराज, तू उभा राहा. आकडा जुळू दे."

मी कधी ते पिस्तूल हातात धरलं नव्हतं. नारिंगी चामडी कव्हर उजव्या कमरेला बांधलं, उभा राहिलो. दिवा लागला आणि काय झालं ते मलाच कळलं नाही. मशीनचा आकडा बघून बिजूने तोंडावर हात ठेवला. आमच्यापैकी कुणी तेवढा कमी वेळ आणला नव्हता.

कारण मला नंतर उमगलं. मी मुळातला भित्रा. इथे आलो तेव्हापासून माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पँटच्या उजव्या मागच्या खिशात. रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा दिवा चमकला की माझा हात त्या खिशावर जातो. कागद सगळे बरोबर असतात, काही चूक नसते, तरी जातो. आता इकामा मोबाईलवरसुद्धा असतो म्हणतात, पण ते हाताला कोण सांगणार? दिवा चमकला की उजवी कंबर. इतक्या वर्षांची तालीम. आता त्या जागी इकाम्याऐवजी पिस्तूल होतं, एवढाच फरक. अमेरिकेतले लोक म्हणे यासाठी क्लास लावतात.

पहिली फेरी जिंकलो, दुसरी जिंकलो. घाम फुटला. कारण दुसऱ्या बाजूने साहेब जिंकत येत होते. फायनल पुढच्या शुक्रवारी: जोगळेकर साहेब विरुद्ध सिराज फोर्कलिफ्ट.

मेसमध्ये खतीब माझ्या ताटात डाळ वाढत म्हणाला, "मुबारक हो. साहेबांना हरवलंस की रजा गेली. शबानाला मोबाईलवरूनच दुआ दे. आवाज मोठा आहे तुझा, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल."

"मी हरणार आहे," मी म्हटलं.

"हरून दाखव."

नसीमला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, मग हरा की! हरायला काय शिकायला लागतं? आयुष्यभर दुसरं काय केलंत?"

तिला कसं सांगू, की यावेळी तेच जमत नव्हतं. मी आठवडाभर सराव केला. लोक जिंकायचा करतात, मी हरायचा. बिजू दिवा लावायचा आणि मी हात धरून ठेवायचा प्रयत्न करायचो. जड जड गोष्टी मनात आणल्या. डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं. दिवा लागला की दोन्ही हात कमरेवर.

शेवटी चाचांच्या खोलीवर गेलो. ते खिडकीत बसून शर्टाला बटण लावत होते. सुई वर जायची, थांबायची, खाली यायची.

"चाचा, मला स्पर्धेतून काढा. आजारी आहे म्हणतो."

"हायस का?"

"नाही."

"मग कसा म्हणणार?" सुई वर गेली. "आणि पळून गेलास तर साहेबांचा मान गेला. फायनल न खेळता जिंकलेला माणूस लय वाईट मूडमध्ये असतो."

"मग काय करू? हात थांबत नाही. पोरीचं लग्न आहे, चाचा. तिने फक्त एकच मागितलंय, अब्बा पाहिजेत."

चाचांनी धागा दाताने तोडला नाही, कात्री शोधली. ती सापडायला वेळ लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सबूर."

मला राग आला. खरं सांगतो, आला. आग लागलेल्या माणसाला हे सबूर सांगतायत. सलाम न करताच बाहेर पडलो.

फायनलच्या शुक्रवारी सगळं अल सुलै लोटलं असावं असं वाटत होतं. साहेबांची मिसेस आली होती, मुलगा आला होता. मुलगा सगळ्यांशी इंग्रजीत बोलत होता आणि बापाच्या हॅटकडे बघायचं टाळत होता. साहेबांनी वेगावर भाषण केलं. हॅट घातली. आम्ही हात मिळवले. त्यांचा हात गरम, माझा बर्फ.

"बेस्ट ऑफ लक, सिराज," साहेब म्हणाले. "घाबरू नकोस. हरण्यातून माणूस शिकतो."

"होय साहेब, तेच शिकतोय," मी म्हटलं.

चाचा पाटाजवळच्या टेबलाशी उभे. रुमाल वर गेला. "तयार?" बटण दाबलं. मी मनात म्हणत होतो, हात, थांब. हात, शबानाची शपथ आहे तुला, थांब.

दिवा लागला.

आणि माझा हात गेला. कोण जिंकलं ते मला मशीनकडे न बघता कळलं. साहेबांचं पिस्तूल अजून अर्धं कव्हरात होतं. हॅट डोळ्यावर आली होती. टाळी वाजवावी की नाही हे कुणाला ठरवता येईना, म्हणून सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले. साहेबांचा मुलगा तेवढा म्हणाला, "वॉव." मिसेसनी त्याला कोपर मारलं.

मला समोर निकाहाचा मांडव दिसत होता आणि त्यात माझी खुर्ची रिकामी.

चाचा टेबलापासून निघाले. टेबल ते आम्ही, अंतर किती असेल? पोराने एका उडीत पार केलं असतं. चाचा चालत आले. एक पाऊल, मग दुसरं. वाटेत एक खजुराची बी पडली होती, ती वाकून उचलली, खिशात घातली. साहेबांचा चेहरा लाल होता, तो हळूहळू गुलाबी झाला. आजही मला वाटतं, ते चालणं त्यांनी मोजूनमापून केलं. रागाला उतरायला जिना लागतो, तो त्यांनी बांधून दिला.

आले. म्हणाले, "फेरी धरता येणार नाय."

"का?" साहेब आणि मी एकदमच म्हणालो.

"माझी चूक. फायनलला दोघं उभे राहिलात, म्हटला सलाम करावा. बटण दाबला आणि सुरू केला. साहेब, माझा बोलणा तुम्हांला माहीत हाय. सलाम अर्ध्यावर आला आणि दिवा लागला. नियम म्हणजे नियम. सिराज, काय नियम हाय?"

मी ओरडायच्या सवयीने ओरडलो, "दिव्याच्या आधी सलाम सुरू झाला असेल तर ती फेरी धरायची नाही!"

चाचांचं टेबल माझ्यापासून चार पावलांवर होतं. मला कसलाही सलाम ऐकू आला नव्हता. पण साहेबांनी हॅट मागे सारली आणि म्हणाले, "तरीच! मला काहीतरी ऐकू आलं. डिस्टर्ब झालं ते त्यामुळेच."

"मलाही आलं," मिसेस म्हणाल्या.

"साफ ऐकू आलं," खतीब मागून म्हणाला. "आवाज जरा घोगरा होता, पण सलामच."

बिजूनेही ऐकला होता. पाणीवाल्यानेही. कुणीही न केलेला सलाम अख्ख्या गोदामाने ऐकला. न ऐकलेला मी एकटाच.

"चला, मग पुन्हा घेऊ, क्विक, क्विक!" साहेब हात चोळत म्हणाले.

"सबूर," चाचा म्हणाले. "साहेब, एक सांगू? या पोराचा जीव लग्नात अडकलाय. ह्याच्या मुलीचा निकाह हाय, रजा तुमच्याकडे पडून हाय. आता ह्याला हरवलात तर हे लोक काय म्हणतील? काळजीतल्या माणसाला हरवला. आणि…" इथे ते थांबले. ते थांबले की कुणालाच पुढचं वाक्य पुरं करता यायचं नाही. साहेबांनी मात्र केलं.

"आणि हा जिंकला, तर म्हणतील मी मुद्दाम रजा अडवून… नाही, नाही. बरोबर आहे तुमचं. खेळ फेअर पाहिजे. याला आधी मोकळा करून येऊ दे. सिराज, जाऊन ये! आलास की फायनल! आणि पळून जाऊ नकोस हां, परत आलंच पाहिजे!"

आणि त्यांनी तिथेच, हॅटसकट, मिसेसकडे सांभाळायला दिलेला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ते बटण दाबलं. साहेबांचा त्या दिवसाचा सगळ्यात जलद निर्णय तो. मशीनवर मोजला असता तर त्यांनी मला हरवलं असतं.

तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. स्पर्धा तहकूब.

मी शबानाच्या निकाहाला होतो. त्याचं वर्णन करत नाही; डोळे पुसण्यात माझं बरंच बघायचं राहून गेलं. एवढं सांगतो, की फोटोवाल्याचा फ्लॅश चमकला की माझा हात कमरेकडे जात होता आणि नसीम तो खाली ओढत होती.

परत आलो तो आधी चाचांकडे. ते चहा फुंकत होते.

"चाचा, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही सलाम केला होता?"

बशी खाली ठेवली. "सुरू केला व्हता."

"मला ऐकू आला नाही."

"पहिला अर्धा मनात व्हता. दुसरा तोंडाने करणार, तवर तुझा हात गेला."

"मग तो दुसरा अर्धा?"

"ऱ्हायला उधार. देईन कधीतरी. घाई कसली हाय?"

फायनल काही झाली नाही. साहेब विचारायचे, चाचा कारण सांगायचे. आता उन्हाळा आहे, मशीन तापतं. आता रमजान. आता साहेबांचा खांदा दुखतोय, त्यात खेळलात तर लोक म्हणतील. मजा अशी, की मी क्लबचा फायनलिस्ट, आणि फायनलिस्टला काळजी असता कामा नये म्हणून माझी रजा त्यानंतर दरवर्षी वेळेवर मंजूर झाली. शबानाला मुलगा झाला तेव्हा तर साहेबांनी स्वतः बोलावून विचारलं, "नातू झाला म्हणे? जाऊन ये, जाऊन ये. मनावर भार नको." पुढे साहेब पुण्याला परत गेले. हॅट घेऊन गेले. जाताना माझा हात दाबून म्हणाले, "तू नशीबवान, सिराज. माझ्या रिफ्लेक्सेसमधून वाचलास." मी म्हटलं, "होय साहेब."

साहेब गेले आणि क्लबही गेला. नारिंगी पिस्तुलं कपाटात बंद झाली. त्या रिकाम्या कप्प्यात आता कॉम्प्रेसर रचलेले आहेत.

मग चाचांचीही फायनल एक्झिट लागली. म्हणजे कायमचं घरी. सामान बांधायला त्यांनी घेतला तेवढा वेळ मी सांगत नाही, खोटं वाटेल. खतीब गाडी चालवत होता आणि सारखा म्हणत होता, "चाचा, विमान आहे, खाडीवरची होडी नाही. तांडेल थांबणार नाही." वाटेत चाचांनी बैल काढला. होडी, तांडेल, ओहोटी, शिंग. बैलाने फळीवर पाय ठेवले आणि विमानतळ आलं.

काचेच्या दारापलीकडे आम्हांला सोडत नव्हते. चाचा एकटे ट्रॉली ढकलत निघाले. मागचे लोक "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत त्यांना वळसे घालून पुढे जात होते. पासपोर्टच्या रांगेच्या तोंडाशी ते थांबले. मला वाटलं बुटाची नाडी. पण नाही. ते ट्रॉली सोडून सावकाश वळले, खिशातून तो पंचाचा रुमाल काढला आणि वर धरला. काचेतून आवाज येत नव्हता. ओठ मात्र दिसत होते, आणि चाचांचं बोलणं असं, की ओठांवरूनसुद्धा एकेक अक्षर वाचता यावं. व. रहमतुल्लाहि. व. बरकातुहू.

सलामाचा पहिला अर्धा नव्हता. तो आधीच देऊन झाला होता.

दाराबाहेर उभ्या पोलिसांच्या गाडीचा दिवा तेव्हा माझ्या बाजूला फिरत होता, लाल-निळा. माझा हात उठला. पण कमरेकडे गेला नाही. छातीवर गेला. तिथेच राहिला, चाचा रांगेत दिसेनासे होईपर्यंत. आणि ते दिसेनासे व्हायला चांगलाच वेळ लागला.

चाचा, या उपकाराची फेड माझ्याजवळ एकच आहे. मी एक दिवस तुमच्या गावी येईन. खाडी तरीनेच ओलांडीन. तुमच्या ओटीवर मांडी घालून बसेन, फोन बंद करून. तुम्ही चहा बशीत ओता, बघा त्याच्याकडे हवं तेवढं. मग तो बैल काढा, आणि या वेळी त्याचे मागचे दोन पायसुद्धा फळीवर येऊ द्या. पुढे होडीचं काय झालं, तांडेल काय म्हणाला, बैल पलीकडे पोचला की नाही, सगळं शेवटपर्यंत ऐकेन. लवकर येतो असं म्हणत नाही, तुम्हांला ते आवडायचं नाही. पण येईन, इन्शाअल्लाह. आणि मध्ये बोलणार नाही.